प्रेमसिंग राठोडचं गोल्फ

माझा बा, प्रेमसिंग राठोड, विट्टी-दांडूत आयुष्यात कधी हरला नाही, असं तो स्वतःच सांगतो. त्याच्याबरोबर खेळलेली जी दोन-चार म्हातारी तांड्यावर उरलीत, त्यांना त्याच्याशी वाद घालायचा कंटाळा आहे. म्हणून आपणही ते खरं धरून चालू.

पुसदपासून थोडं आत आमचा तांडा आणि तांड्याला लागून आमचं सात एकर वावर. मी वर्षा, त्याची थोरली लेक. लग्न करून पुसदला दिली, नवरा शाम तिथं शाळेत शिकवतो. पण रोज सकाळी स्कूटी काढून मी वावरात हजर असते. बाचे गुडघे गेल्यापासून पेरणी, फवारणी, मजूर, विक्री, सगळं माझ्या गळ्यात. बा बांधावर बसून हुकूम सोडतो आणि चारचौघांत सांगतो, "यंदा म्या कापूस झकास काढला." मी दात-ओठ खाते आणि चहा ठेवते.

माझा धाकटा भाऊ बादल सहलीच्या मोठ्या जहाजावर नोकरीला आहे. जहाज बंदराला लागलं की हौशी प्रवाशांना गोल्फच्या मैदानावर न्यायचं, त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायच्या, नवख्यांना काठी धरायला शिकवायचं, हे त्याचं काम. कामगारांच्या घरच्यांना जहाजावर सवलत असते. गेल्या एप्रिलमध्ये, वावरं मोकळी असताना, त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. मी, बा आणि आई असे तिघं सिंगापूरहून जहाजात बसलो. आईला आम्ही आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणतो. घरात सगळं बोलणं गोरबोलीतच चालतं, पण तुम्हाला कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत लिहिते.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर बानं विषय काढला. बादलचा करार संपत आला होता, नव्यावर सही करायची होती.

"बस झालं फिरणं," बा म्हणाला. "घरी ये, वावर सांभाळ. तू नाई आला तं मी मक्त्यानं देऊन टाकतो."

"बा, आपले पणजोबा बैलायवर मीठ लादून मुलूखभर फिरले. मी फिरलो तं काय झालं?"

"ते फिरले, म्हणून त्यायच्यापाशी वावर नव्हतं."

मी त्यांच्या समोरच बसले होते. मक्त्यानं दुसऱ्याला कसायला देणार म्हणे! पाच वर्षं ते वावर कोण करतंय, हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. मला इतका संताप आला की पुढ्यातला मासा तसाच राहिला.

बादल काही ऐकेना, तेव्हा बा म्हणाला, "मंग तुह्या खेळातच ठरवू. जो जिंकंन त्याचं बाकीच्यायनं ऐकाचं. मागून रडाचं नाई."

बादल हसला, पण कबूल झाला. पेनांग, लंगकावी, फुकेत अशी तीन बंदरं लागणार होती. प्रत्येक ठिकाणी नऊ भोकांचं छोटं मैदान गाठायचं. ज्याला कमी फटके लागतील तो त्या दिवशी जिंकला. बादलनं सगळीकडे एकच काठी वापरायची. बाला कच्चा लिंबू धरून प्रत्येक भोकामागं दोन फटके माफ, पण बरोबरी झाली तर जीत बादलची. कच्चा लिंबू म्हटल्यावर बाचं तोंड पाहण्यासारखं झालं, पण त्यानं माफी सोडली नाही.

पेनांगला मैदान पाहून बा जागीच थांबला. "एवढं गवत! अन् एकबी म्हैस नाई?" जन्मभर ज्यानं गवत निंदून काढलं, त्याला गवताला पाणी देणारी माणसं पाहवेनात. चौथ्या भोकापाशी, जिथं गवत गालिच्यासारखं कातरलेलं असतं, तिथं त्याला कुठलंसं तण दिसलं. तो खाली बसला आणि उपटायला लागला. मैदानाचा राखणदार ओरडत आला. बानं ते तण मुळासकट त्याच्या हातात ठेवलं आणि मराठीत समजावलं, की आजच काढलं नाही तर फुलावर येईल. त्या दिवशी बादल आरामात जिंकला.

लंगकावीला मात्र बादल बेसावध राहिला. त्याचे दोन चेंडू तळ्यात गेले. इकडे बाला युक्ती सापडली होती. भोकाजवळ आलं की तो वाकून जमीन पाहायचा आणि पुटपुटायचा, "पाणी सोडलं तं कुठून धावंन?" मग पाणी धावेल त्या वाटेनं हळूच चेंडू ढकलायचा. तो जिंकला, आणि रात्रीच्या जेवणात त्यानं दोनदा आइस्क्रीम मागून घेतलं. याडीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती लग्नात जास्त नाचणाऱ्या पाहुण्याकडे पाहते.

राहिलं फुकेत. दोघंही गंभीर झाले. मी आणि याडी बॅटरीच्या गाडीतून मागं मागं फिरत होतो. आठ भोकं झाली तेव्हा दोघं बरोबरीत होते. नवव्याला बादलनं आपला चेंडू आत घातला. बाचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. तो खड्ड्यात उतरला आणि विट्टी उडवावी तशी त्यानं काठी हाणली. चेंडू बाहेर येऊन भोकाच्या अलीकडे थांबला, पण बा मनगट धरून खालीच बसला. हात मुरगळला होता. माफी धरून बाकडे आता एकच फटका उरलेला. चेंडू पडला तर बा जिंकला, नाही पडला तर बादल.

बादलनं त्याच्या मनगटाला रुमाल बांधला. बानं माझ्याकडे पाहिलं. "वर्षा, माहा डाव तू खेळ."

तांड्यावर तशी रीतच आहे. गड्याला लागलं तर त्याच्या घरचं कुणी उरलेला डाव पुरा करतं. बादल म्हणाला, "चालते. बाई, खेळ तू."

मी काठी घेतली. चेंडूपासून भोकापर्यंत आमच्या ओसरीएवढं अंतर होतं. मनात काय चाललं होतं ते सरळ सांगते. पडला, तर बादल घरी येणार, वावर त्याचं. नाही पडला, तर वावर मक्त्यानं जाणार. दोन्हीकडून माझी सकाळची स्कूटी बंद. ज्या खेळात मला काहीच मिळणार नव्हतं, तो शेवटी मलाच खेळायला लावला होता. रडू येत होतं, त्याहून जास्त चीड येत होती.

पण मुद्दाम चुकवणं मला जमलं नसतं. मी वाकून जमीन पाहिली. हरभऱ्याला पाणी देताना सरीतून ते कुठं वळतं, कुठं मुरतं, हे मी पाच हिवाळे पाहिलं आहे. इथं उतार डावीकडे होता. मी चेंडू उजवीकडे ढकलला. तो हळूहळू वळला, काठावर जरा रेंगाळला आणि आत पडला.

बा दुसरा हात उंचावून ओरडला, "जिंकलो! चाल बादल, घरी!"

बादलचा चेहरा उतरला. त्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब बा. जिंकलं कोण?"

"म्हंजे काय? मी."

"चेंडू कोणं टाकला?"

"डाव माहा होता."

"डाव तुहा, हात माह्ये," मी म्हणाले. "वावरातबी पाच वर्षं तेच चालू हाय. जो जिंकंन त्याचं बाकीच्यायनं ऐकाचं, हे तूच बोलला. मंग ऐका. बादल जहाजावरच राहीन. वावर मी करीन, माह्या नावानं करीन."

मागच्या भोकावरची गोरी माणसं आमच्याकडे पाहायला लागली.

"लेक परक्या घरची असते," बा म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

याडी गाडीतून उतरली. तीन बंदरं ती खेळाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. "परक्या घरची हाय, तं तिले तुहा डाव कायले खेळू देला?" एवढं बोलून ती परत गाडीत जाऊन बसली.

बादलनं गपकन माझा हात धरला. माझे डोळे वाहायला लागले होते, ते मी पुसलेही नाहीत. बा कुणाकडेच पाहत नव्हता. बसल्या बसल्या त्यानं डाव्या हातानं खड्ड्याच्या काठचं एक तण उपटलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात टाकलं. मग उठून तो गाडीत याडीच्या शेजारी बसला.

जहाजाकडे परत जाताना बंदर दिसायला लागलं तेव्हा बानं पुढं पाहतच विचारलं, "यंदा खालच्या वावरात काय लावशीन?"

"हळद," मी म्हणाले.

"हळदीले पाणी कुठून आणशीन?"

"ठिबक टाकीन."

"ठिबक!" बा तोंड वाकडं करून म्हणाला, आणि जहाजावर चढेपर्यंत माझ्याशी भांडत राहिला. वावराबद्दल त्यानं मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.