नाव घातलेला डबा

माणूस कुठला ते ओळखायचं असेल तर त्याला खायला द्यावं आणि तो 'नको' कसा म्हणतो ते ऐकावं. डोंबिवलीत बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवून मी शिकले ते एवढंच. डोंबिवलीकर दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडंसं" म्हणत ताट पुढे करतो. ठाण्याजवळच्या बाळकुमची माझी आगरी मैत्रीण तर विचारतच नाही. ती वाढून मोकळी होते आणि वर दम देते, "गप जेव."

मुलाकडे अमेरिकेत गेले तेव्हा हेच माप सोबत घेऊन गेलेले. पण हौसेनं नव्हते गेले. माझा मुलगा मिनियापोलिसला नोकरीला आहे. त्याचा घटस्फोट झाला, तेव्हापासून एकटाच राहतो. गेल्या हिवाळ्यात तीन दिवस तापानं फणफणलेला आणि मला सांगितलं कधी, तर बरा झाल्यावर!

"अरे, शेजाऱ्यांना तरी सांगायचं होतंस."

"शेजारी कोण राहतं मला माहीत नाही, आई."

ते ऐकलं आणि माझी झोपच उडाली. केंद्र जावेच्या हवाली केलं आणि उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी विमानात बसले.

त्यानं दोन आठवडे रजा काढलेली. म्हणाला, नायगरा दाखवतो. मी म्हटलं, धबधबे आपल्याकडे पावसाळ्यात घाटाघाटात फुकट दिसतात, मला गल्ल्या दाखव, माणसं दाखव. मग आम्ही शहरं पायी हिंडलो. न्यूयॉर्कमध्ये एका पिझ्झावाल्यानं चवीला म्हणून एक तुकडा पुढे केला. मी आपली रीतीप्रमाणे "नो, नो" म्हटलं. तर त्या बाबानं तुकडा लगेच मागे घेतला आणि माझ्या मागच्या माणसाला दिला! मी बघतच राहिले. तिथे नको म्हणजे नको. मुलगा फुटपाथवर पोट धरून हसत होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याला असं हसताना बघितलं, म्हणून त्या तुकड्याचं दुःख काही केलं नाही.

न्यू ऑर्लीन्सला उलटंच. जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत घरापुढच्या ओसरीवर एक आजीबाई बसलेल्या. मला, बासष्ट वर्षांच्या बाईला, "बेबी" म्हणून हाक मारली, "फार ऊन झालंय, बस" म्हणाल्या आणि कोलंबी घातलेला झणझणीत भात हातात ठेवला. नको म्हणायला सवडच दिली नाही. मी मुलाला म्हटलं, ही तर बाळकुमची निघाली!

परत आलो ते मिनियापोलिसला. गल्ली देखणी, मोठमोठी झाडं, घरापुढे कापलेलं गवत. माणसं लांबून हात हलवतात, गोड हसतात आणि आत जाऊन दार लावून घेतात. ह्या गोडपणाला मी काय चाटू? मी आठ हजार मैलांवर गेल्यावर माझ्या पोराचं दार ह्यातलं कोण वाजवणार होतं?

शेजारच्या घरात पंचाहत्तरीची एक बाई एकटी राहायची. गवतसुद्धा स्वतःच कापायची. तिच्या परसात मोठमोठी पानं दिसली. लाल देठ, रुंद पान. अळू! मला कोण आनंद झाला. कुंपणापाशी जाऊन माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिच्याकडे वड्यांसाठी चार पानं मागितली. बाई घाबरून हात नाचवायला लागली. ती पानं विषारी! खायचे फक्त देठ. आंबट असतात म्हणाली. माझं अज्ञान उघडं पडलं ते पडलं, पण बोलणं सुरू झालं ना. दुसऱ्या दिवशी ती त्याच देठांचा केक काचेच्या भांड्यातून घेऊन आली. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर तिचं नाव. चर्चच्या जेवणाला प्रत्येक जण आपापलं भांडं नेतो, ते ज्याचं त्याला परत मिळावं म्हणून. आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात ते दुसरं कशासाठी?

"धुऊन तिच्या पायरीवर ठेव, झालं," मुलगा म्हणाला. "इथे असं उठून कोणाच्या दारात जायचं नसतं, आई."

"रिकामं? मी?"

नारळाच्या वड्या केल्या. त्या एका ताटलीत घेतल्या, तिचं भांडं काखोटीला मारलं आणि गेले. ती म्हणाली, अगं नको, कशाला त्रास. दुसऱ्यांदा, छे छे, तुम्हालाच ठेवा. तिसऱ्यांदाही नको म्हणाली, तेव्हा मी वळणारच होते, पण बावीस वर्षांची सवय, चौथ्यांदा विचारलं. "बरं, एकच घेते," म्हणाली आणि ताटलीच घेतली. ही तर डोंबिवलीच्याही वरताण!

खुशीत घरी आले. चार दिवसांनी ताटली परत आली. घासून लखलखीत आणि रिकामी.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, रडूही आलं. मुलगा म्हणाला, "अगं, तिच्या दृष्टीनं स्वच्छ परत करणं हीच सभ्यता. व्यवहार पूर्ण झाला."

"पूर्ण व्हायलाच नको होता!" मी ओरडले. "पूर्ण झाला की कोण कशाला येतंय रे?"

त्यानं ताटली कपाटात ठेवली. मग सावकाश म्हणाला, "तुला माझी एवढी काळजी वाटते?" मी पोळ्या लाटायला घेतल्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी येताना आणलेला भाजणीचा डबा रिकामा केला. स्टीलचा, जुना. माझ्या आईनं मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याचं नाव घालून दिलेला. तो घासूनपुसून बेसनाच्या लाडवांनी गच्च भरला आणि शेजारी घेऊन गेले. तीन नको झाले, चौथ्याला डबा घेतला. मग तिचं बोट धरून झाकणावरच्या अक्षरांवरून फिरवलं. "हे माझ्या मुलाचं नाव. डबा त्याचा आहे." आणि मग जे सांगायचंच होतं ते सांगितलं, की गेल्या हिवाळ्यात तो तीन दिवस तापात पडलेला आणि कोणालाच कळलं नाही. ती डब्याकडे बघत राहिली. "ओके देन," एवढंच म्हणाली. त्यानंतर दारात उभ्या राहून आम्ही पाऊण तास निरोप घेतला, अगदी चपला घालून झाल्यावर आपल्याकडे घेतात तसा.

डोंबिवलीला आले. दर रविवारी फोनवर विचारायचे, "डबा आला का रे?"

"नाही, आई."

गणपती गेले, दिवाळी गेली. जाऊ म्हणाली, गेला तुझा डबा, विसर आता. मला डब्याचं काय पडलेलं?

जानेवारीत एका सकाळी केंद्रावर कणीक मळत होते, तेव्हा त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"आई, घाबरू नकोस. बरा आहे आता. ताप होता दोन दिवस." मी कणकेच्या हातानंच फोन घट्ट धरला. "बर्फ खूप पडला. माझ्या गाडीवरचा बर्फ दोन दिवस तसाच होता, ते शेजारच्या बाईनं खिडकीतून बघितलं. तशा बर्फात चालत आली आणि दार वाजवत राहिली, मी उघडेपर्यंत. हातात तुझा डबा. गरम सूप. काल पुन्हा आली, औषध घेऊन."

समोर डबेवाले खोळंबलेले, जाऊ विचारतेय काय झालं, काय झालं.

"आई, ऐकतेस ना? डबा धुऊन ठेवलाय. आता ह्यात काय घालून देऊ?"

"शिरा कर," मी म्हटलं. "तूप सढळ हातानं घाल. आणि हे बघ, ती नको म्हणेल. तीनदा म्हणेल. तू चौथ्यांदा विचार."