कोंडीबाची नजर पायांकडे

कोंडीबा दवाखान्यात शिपाई झाला त्याला वीस वर्षं झाली, पण अंगातला मेंढपाळ काही गेला नाही. खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात तो पेशंटच्या तोंडाकडे कमी अन् पायांकडे जास्त बघायचा. मेंढरू बोलत नाही, चालीवरून ओळखावं लागतं, एवढंच बापाने शिकवलं होतं. डॉक्टर त्याला हसत. हसोत बापडे.

फक्त पोलिसांची जीप आली की तो पायांकडे बघायचं टाळायचा. कोठडीतल्या माणसाची डॉक्टरांनी तपासणी करावी, आणि तेव्हा पोलिसाने खोलीबाहेर थांबावं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण हवालदार दारातच उभा राहायचा, डॉक्टर 'काही त्रास?' विचारायचे, आरोपी दाराकडे बघून नाही म्हणायचा आणि कागदावर 'जखम नाही' उमटायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्या दिवशी जीप अकराला आली. पाण्याची मोटर चोरल्याच्या संशयावरून धरलेला सिद्धू उतरला आणि कोंडीबाला व्हरांड्यातच कळलं. पोरगं तळव्यांच्या कडांवर चालत होतं, खूर सडलेल्या मेंढीसारखं.

कोंडीबा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. पुसलेलं टेबल परत पुसलं. त्याचं घर याच ठाण्याच्या हद्दीत, मुलगा मल्हार रोज ठाण्यावरूनच दूध घालायला जाणारा. कशाला नसती उठाठेव?

नव्या डॉक्टर सोनिया मॅडमनी विचारलं, "काही त्रास?"

सिद्धूने दाराकडे बघितलं. "न्हाई."

मॅडमनी पेन उचललं. एकदा सही झाली की सिद्धू पुन्हा कोठडीत जाणार अन् त्याला काही झालंच नव्हतं असं सरकारी कागदच सांगणार.

"मॅडम," कोंडीबाला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "मेंढरू लंगडलं तर आमी आदी खूर बघतो. ह्येचं तळवं बघा."

हवालदार एक पाऊल आत आला. "तू डागदर हायस का रं?"

मॅडमनी सिद्धूच्या पायांकडे बघितलं. "हवालदार, तुम्ही बाहेर थांबा. नियम आहे."

हवालदार बाहेर पडताच कोंडीबाने दार लावून कडी घातली. सिद्धूला खाटेवर पालथं झोपवलं. दोन्ही तळवे काळेनिळे, टाचेपर्यंत सुजलेले. मॅडम बराच वेळ लिहीत राहिल्या. हे न्यायाधीशांपुढे जाईल असं त्यांनी सांगितलं, तेव्हा पोरगं रडलं.

"चालीवरून एवढं कळतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

कोंडीबा सिद्धूच्या चपला हातात धरून उभा होता. "कळतं. अकरा वर्सामागं गुंडा नावाचा एक गडी आणला हुता. असाच चालत हुता. तवा बी कळलं हुतं."

"मग?"

"मी गप बसलो. दोन दिसांनी त्येला चादरीखाली परत आणला, तवा त्यो चालत न्हवता."

बाहेर हवालदार दार ठोकत होता. कागदावर मॅडमची सही होईपर्यंत कोंडीबाने कडी काढली नाही.