रेनोच्या बिअरमधली साखर

पॉपची नक्कल सोपी. नाकातून बोलायचं आणि एकही वाक्य पुरं करायचं नाही. "साखर म्हणजे साखर गं पोरी, आपल्या कारखान्याची असली की... अगं, ते झाकण आधी..."

पॉप म्हणजे माझे आजोबा, क्लाइव्ह. आमच्या क्वीन्सलँडच्या या उसाच्या गावात त्यांची हयात साखर कारखान्यात गेली. घरी बिअर करायच्या किटवर काय लिहिलंय, हे त्यांनी कधी वाचलं नाही. डब्यातला काळा चिकट माल्ट बादलीत ओतायचा, वर कारखान्याची साखर, पाणी, यीस्टची पुडी, झालं. मग खांबांवर उभारलेल्या आमच्या घराखाली बादली गुडगुडत बसायची. बिअर पातळ आणि आंबूस व्हायची. पॉप म्हणायचे, "फर्स्टक्लास!"

शेजारचे रेनो तेच किट आणायचे. पण त्यांच्या बिअरचा घोट गेला की भाजलेल्या साखरेसारखं काहीतरी जिभेवर रेंगाळायचं.

"यात तू नक्की काय रे..." पॉप विचारायचे.

"प्रेम," असं म्हणून रेनो डोळा मारायचे.

मग उन्हाळ्यात रेनोंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, लिहिणंही. उरला डावा हात आणि दोन भुवया. गाळप सुरू होईल तेव्हा त्यांचा ऐंशीवा वाढदिवस. त्या दिवशी त्यांच्या हातात त्यांचीच बिअर द्यायची, असं पॉपनी मनावर घेतलं. "दुकानातली दिली तर तो माझ्याकडे असा बघेल ना, की..."

"अहो, एकेक साखर विचारून बघा," मी म्हटलं, "भुवया तर हलवता येतात."

विचारलं. रेनोंनी प्रत्येक नावाला भुवई उडवली.

"मुद्दाम करतोय," त्यांची बायको ग्लेनिस म्हणाली. "बोलता येत नाही, पण छळता येतंय मेल्याला."

मग पॉपनी एक किट चार छोट्या बादल्यांत वाटलं. एकीत ग्लुकोजसारखी पांढरी भुकटी, एकीत ब्राऊन शुगर, एकीत मध. चौथीत कारखान्यातली मळी, जी आमच्याकडे गुरांना घालतात. बाटल्या भरून महिनाभर थांबलो आणि रेनोंपुढे ग्लास मांडले.

भुकटीवाली प्यायल्यावर डावा हात हलला: बरी आहे, पण नाही. ब्राऊन शुगर, नाही. मध, नाही. मळीचा घोट घेतला आणि दोन्ही भुवया थेट केसांत गेल्या, जीभ बाहेर! पॉपनी स्वतः चाखून पाहिली. "गुरांना यात काय आवडतं, देव जाणे, मला तर..."

ते हताश होऊन ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात बसले. ती ओट्स-खोबऱ्याची बिस्किटं करत होती. फडताळातून तिनं गोल्डन सिरपचा डबा काढला, साखरेचाच तो घट्ट सोनेरी पाक.

"गंमत बघा हं, क्लाइव्ह. पूर्वी हा डबा बघावा तेव्हा रिकामा. मी नातवंडांना ओरडायचे. मांजराला ओरडले. आता मेला संपतच नाही."

पॉप उठून उभे राहिले.

"ग्लेनिस, तो डबा मला दे."

अख्खं वाक्य! पूर्णविरामासकट! मी आजवर ऐकलेलं पहिलं.

"तो बिस्किटांत घालायचा, क्लाइव्ह."

"तेच ना! बिस्किटांत घालायचा म्हणून माझ्या डोक्यातच आला नाही. साखर म्हटली की मी कारखान्यापलीकडे..." आलेच मूळपदावर.

वाढदिवसाला कारखान्याचं धुराडं पेटलं होतं, गावभर पाकाचा वास. रेनोंनी डाव्या हातानं सिरप घालून केलेल्या नव्या बिअरचा ग्लास उचलला. पॉप श्वास रोखून उभे. घोट गेला. भुवया जागच्या जागी. डोळे मिटले, मग हळूच उघडले, आणि पॉपकडे न बघता ग्लेनिसकडे वळले, रंगेहाथ पकडलेल्या पोरासारखे.

"चोरा!" ग्लेनिस कडाडली. "आधी त्या मांजराची माफी माग!"

रेनो हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच आवाज फुटला, डबा ओढल्यासारखा खरखरीत. रिकामा ग्लास त्यांनी पॉपपुढे धरला.

"पुढच्या खेपेला दोन डबे घालू, म्हणजे..."

"स्वतःचे आणा," ग्लेनिस म्हणाली.