मानेने धरलेली जागा

माने गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्येच कळलं. समाच्या नाक्यावर, माझ्या नेहमीच्या थांब्यावर चढलो, तर ड्रायव्हर गाडी सुरूच करेना. म्हणाला, “काका, मानेभाई गुजरी गया.” मी मागच्या बाकाकडे बघत तसाच उभा राहिलो...

बारा वर्षं आम्ही त्या बाकावर बसलो. माने आधी मांडवीला चढायचा, मी पुढे समाला. तोवर बस गच्च भरलेली. पण खिडकीशी त्याची डब्याची पिशवी ठेवलेली असायची. कुणी हटकलं की म्हणायचा, “आमच्या पणजोबांनी संस्थानच्या फौजेत घोडे धरले, मी आपली याची जागा धरतो!”

एका हिवाळ्यात मला खोकला लागला, महिना झाला तरी हटेना. माने म्हणायचा, “काच उघड ना रे, कोंडतंय.” मी म्हणायचो, “थंडी वाजते.” मग तोच हात लांब करून काचेची उरलेली फटही लावून टाकायचा. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास.

निदान क्षयाचं निघालं. दवाखान्यातल्या बाई वही घेऊन घरी आल्या. घरातल्या सगळ्यांची नावं तपासणीसाठी लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि बाहेर? रोजची उठबस कोणाबरोबर? कामावर, बसमध्ये?”

“कोणी नाही. मी एकटाच असतो.”

माझ्या मुलीचं, सुनीताचं लग्न गोत्री भागातल्या एका घरी जमत आलं होतं. बसमध्ये बोभाटा झाला असता तर तिथवर पोचायला कितीसा वेळ? माने माझं गुपित फोडणारा नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी त्यालाही टायफॉइडच सांगितला. तो मोसंबी घेऊन आला आणि माझ्या बायकोला म्हणाला, “वहिनी, पार वाळला हो हा. तूप घाला याला.” मी बरा झालो, सुनीताचं लग्न झालं.

पुढच्या वर्षी माने खोकू लागला. मी काय म्हणालो? “बिडी सोड आता!” अरे, मला कळत होतं. कळूनही मी बिडीवर ढकललं. तो तपासून घ्यायला गेला तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, बाजार, बस, भजन, माणूस रोज दहा ठिकाणी बसतो, क्षय कुठून लागला कसं सांगणार? ते ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेराव्याला मानेवहिनींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. “तुमची जागा धरायची ना भावोजी, तुम्हीच ठेवा.” मी घेतली.

आता मी काच पूर्ण उघडून बसतो आणि पिशवी शेजारी ठेवतो. परवा एका नव्या मुलीने विचारलं, “इथे कोणी आहे?” मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मानेवहिनी, रविवारची ही पुरवणी तुम्ही वाचता, म्हणून सुनीताला विचारून इथे लिहितोय. मला टायफॉइड झाला नव्हता. पिशवी परत हवी असेल तर आणून देईन.