गरम गोळ्या

आमच्याकडं औषधाच्या दोनच जाती: गरम आणि थंड. मी पूर्णेच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, फळ्यावर रेणू काढून काढून बोटं झिजली, पण ह्या दोन जाती काही मला मोडता आल्या नाहीत.

माझी थोरली बहीण, अक्का, झरीला दिलेली. तिला टीबी निघाला तेव्हा मीच बजावलं, "घाबरू नको. गोळ्या तेवढ्या खा." गोळ्या लागूही पडल्या. खोकला थांबला, अंग भरलं, ती पुन्हा शेळ्यांमागं हिंडायला लागली. मला माझ्या विषयाचा लय अभिमान वाटला.

त्यातल्या एका गोळीचा रंग लघवीत उतरतो, लाल. त्यात भ्यायचं काही नसतं. थंडीत अक्कानं मनावर घेतलं नाही. पण आपल्याकडचं ऊन म्हणजे सांगायलाच नको. ते तापलं तशी ती घाबरली. गोळ्या गरम पडल्या, असं तिनंच ठरवलं. गोळ्या फडताळात गेल्या आणि धन्याजिऱ्याचं पाणी सुरू झालं. गारवा आला की पुन्हा घ्यायच्या, असा तिचा बेत. कुणाला बोलली नाही. हसावं का रडावं?

गारवा आला, तिनं इमानदारीत गोळ्या सुरू केल्या. तोवर खोकला परतला होता. मधेच गोळ्या सोडल्यानं जंतू आता त्यांना जुमानत नाहीत, असं तपासणीत निघालं. मग दुसऱ्या दिल्या, त्याहून कडक. त्यांनीही काही होईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते सगळं मला कळत होतं, हाच वैताग.

मला संताप येतो. किती जणांनी जन्म घालवून ती गोळी शोधली असेल. तिला हरवलं 'गरम' या एका शब्दानं.

परवा गेलो तर अक्का ओट्यावर टेकून बसलेली. हाताची नुसती काडी झालीय. "आता एक बी गोळी चुकवत न्हाई मी," म्हणाली. "गरम असू दे न्हाईतर थंड. आता बरी व्हईन का रं?"

"व्हशील की," मी म्हणालो.

ती बराच वेळ खोकली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "खोटं बोलताना खाली बघू नको, बाबा. माणसाला कळतंय."