फ्रिजवरचा वाघ आणि गुरुजींची गाडी

मे महिन्याच्या अखेरीस आरमोरीच्या हवेला तापलेल्या कौलांचा वास येतो. त्या वासातच मी एका सकाळी फ्रिजच्या दारावरचा वाघ उपटून पर्समध्ये टाकला आणि बाबांना स्कूटरवर मागे बसवून जुनी गाडी पाहायला निघाले.

वाघ ताडोब्याच्या वाटेवरच्या दुकानातला होता, आगपेटीएवढा आणि पोटाला चुंबक असलेला. एरवी त्याचं काम दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी धरून ठेवणं एवढंच. पण चाचांनी, म्हणजे माझी स्कूटर अनेक वर्षं जिवंत ठेवणाऱ्या मिस्त्रींनी, आदल्या दिवशी बजावलं होतं, "रंगाकडं पाहू नका बाई. रंग नवरदेवालेही लावतात. चुंबक घेऊन या. जिथी खरा पत्रा, तिथी ते बसंल. जिथी पुट्टी भरली, तिथून पडंल." घरात दुसरं चुंबक नव्हतं.

गाडी हवी होती ती आत्याकडे जायला. बाबांची ही थोरली बहीण भामरागडला राहते. पाऊस लागला की नदी रस्त्यावर येते आणि आत्याचं गाव आमच्यासाठी केवळ फोनमधल्या आवाजापुरतं उरतं. गेल्या दोन्ही वर्षी जाणं राहून गेलं होतं, कारण बाबांच्या गुडघ्यांना एसटीची पहिली पायरी चढवत नव्हती. यंदा आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "पाण्याच्या आधी येऊन जा रे भाऊ. मले आता दिसणं कमी होऊन राह्यलं." त्या दिवसापासून बाबांची पिशवी भरून दाराशी होती. आत लाखोळीची डाळ आणि धुतलेलं धोतर. गाडी पाहायला निघतानाही ती त्यांनी मांडीवर घेतलीच.

गाडी निवृत्त गुरुजींची होती. अंगणात, आंब्याच्या सावलीत, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या लेकरासारखी पांढरीशुभ्र उभी. गुरुजींची ओसरी चांगलीच उंच होती. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, बाबांचे गुडघे पाहिले, एक ठेंगणं लाकडी स्टूल पायरीशी ठेवलं, आणि बाबा बोलता बोलता वर चढून खुर्चीत बसलेसुद्धा. माझं लक्ष गाडीकडे होतं. त्या स्टुलाकडे मी पाहिलं नाही.

"ही शाळेत गेली अन् घरी आली," गुरुजी म्हणाले. "वावर कसं राह्यते, हे तिले माहीतसुद्धा नाई."

आमच्या आधीच येऊन थांबलेले चाचा पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. वर मी वाघ सोडला. तो बॉनेटवर बसला, टपावर बसला, पुढच्या दारावर ऐटीत उभा राहिला. मागच्या डाव्या दाराखाली मात्र मातीत पडला. मी उचलून लावला, पुन्हा पडला.

"वाघाले तिथी काही तरी दिसून राह्यलं," ओसरीवरून बाबा म्हणाले. आमच्या भागात वाघ थबकला की माणसं आवाज आपोआप खाली आणतात. बाबांनीही आणला.

"पुट्टी दिसून राह्यली त्याले," गाडीखालून चाचा.

"थोडं खरचटलं होतं," गुरुजी म्हणाले.

"खरचटलं?" काकू आतून म्हणाल्या. "म्हशीनं शिंग घातलं होतं. अन् तुम्ही म्हशीलेच रागावले."

गुरुजींनी ते ऐकलं नाही असं ठरवलं आणि मागचं दार उघडून पायाखालची चटई स्वतःच बाजूला सारली. "इथी लावा तुमचा वाघ." मी लावला. वाघ खिळला तो हलेना. गुरुजींनी वाकून गाडीखालच्या चाचांना विचारलं, "बसला का नाई?" आणि बाबांनी तेवढ्यात निकाल लावून टाकला. पिशवी घेऊन ते ओसरीवरून उतरले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मला मात्र त्या तळाचा आवाज आवडला नाही. वाघ लावताना मी बोटाच्या पेराने तिथला पत्रा वाजवला होता. दाराचा पत्रा भरल्या घागरीसारखा बोलत होता, आणि हा पोकळ, उथळ, किंचित खोकणारा. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. आई तांदूळ ठेवायची त्या तेलाच्या डब्याचा तो आवाज. मग मी नाक खाली नेलं. गंजाचा आंबूस वास, आणि त्याखाली दुसरा एक, गार, हिरवट, आषाढात धानाच्या बांधीत असतो त्या चिखलाचा. सीटच्या फटीत बोट घातलं तर हाती वाळक्या रोपांची एक जुडी आली, मुळांसकट.

"गुरुजी, हे धानाचे पऱ्हे ना?"

गुरुजी आंब्याकडे पाहू लागले.

"दरवर्षी रोवणीले पऱ्हे मग विमानानं जात होते का?" काकू दारात आल्या होत्या. "ओल्या जुड्या भरून भरून, पाणी गळत. मी म्हणत होती, गाडीतच रोवा आता."

मी बाबांना उतरायला सांगणार, तोच त्यांनी बसणं नीट करण्यासाठी डावा पाय जोरात रेटला. कापड फाटल्यासारखा आवाज झाला.

"बाई," गाडीखालून चाचा अगदी सावकाश म्हणाले, "इथी एक पाय आला."

"कोणाचा?"

"चप्पल तर तुमच्या बाबांची वाटून राह्यली."

"मले लागलं नाई," बाबा वरून म्हणाले. "पण खाली गार लागून राह्यलं."

चाचांनी खालून टाच ढकलली, मी वरून पोटरी ओढली, आणि गुरुजींनी, का कोण जाणे, स्टिअरिंग धरून ठेवलं. पाय परत आला. त्याच्यामागोमाग खालून डांबर फासलेला पत्र्याचा तुकडा लोंबू लागला. डांबर निघालं तिथे तेलाच्या डब्याचं पिवळं सूर्यफूल, उलटं, प्रसन्न. मागेही तसाच डबा ठोकला होता. वाघ खोटं बोलला नव्हता. डबाही लोखंडाचाच होता.

चाचा बाहेर आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "दाराखालची पट्टी गेली, आडवे दांडेही खाल्ले गंजानं. ही गाडी आता फक्त आदतीनं उभी आहे. भामरागडले इंजिन पोहोचंल, तुम्ही मागं राह्यसाल."

बाबा पिशवी घेऊन ओसरीशी गेले. "मग? पाणी तर येऊनच राह्यलं," एवढंच म्हणाले, आणि त्याच स्टुलावरून, कसलाही आधार न घेता, वर चढले. या वेळी मी पाहिलं. चाचांनीही पाहिलं. त्यांनी ओसरीची उंची वितीने मोजली.

"बाई, एसटीची पायरी एवढीच राह्यते."

गुरुजींनी स्टूल उचललं, पदराने पुसावं तसं उपरण्याने पुसलं आणि माझ्या हाती दिलं. "घेऊन जा. सागवान आहे. याले गंज लागत नाई."

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गडचिरोलीला बस बदलताना कंडक्टरने स्टुलाकडे पाहून विचारलं, "हे काय आजोबा?" बाबा म्हणाले, "माझी गाडी." मी खिडकीच्या दांडीला गुपचूप वाघ लावून पाहिला. बसला.

आत्या अंगणात बाजेवर होती. तिने बाबांना समोर त्या स्टुलावर बसवलं आणि दोन्ही हातांनी चाचपायला सुरुवात केली. कपाळ, गालफडं, गळ्याची हाडं, खांदे. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत, बोटांनी थोडं दाबत. गुडघ्यांवर ती बराच वेळ रेंगाळली.

"सांगाडा ठीक आहे का?" बाबांनी विचारलं.

"रंग गेला," आत्या म्हणाली. "बाकी चालून जाते."