सदुसष्ट नंबरचा शर्ट

मिस अर्लीन टॅडलॉकशी वाद घालून कुणी जिंकल्याचं पॉटर्स फेरीत आजवर ऐकिवात नाही. ‘मिस’ हे गावानं मानानं लावलेलं; नवरा जिवंत होता तोवर तोही त्या फंदात पडला नाही. बिचारा गळ घेऊन नदीवर जायचा.

हायस्कूलच्या अमेरिकन, म्हणजे धडकाधडकीच्या, फुटबॉल संघाचे कपडे धुण्याचं काम बाईकडे. कोच बदलले, मशिनं बदलली, बाई तीच. आणि संघ जिंकत असेल तोवर सामन्याचे शर्ट धुवायचे नाहीत, हा नियमही तिचाच. फार पूर्वी एका हंगामात मशीन बिघडलं, शर्ट तसेच मळके राहिले आणि पोरं जिंकतच सुटली. तेव्हापासून गावानं तो नियम बायबलच्या खालोखाल मानला. म्हणजे संघ जोरात असला की कपडे धुणाऱ्या बाईला धुवायला कपडेच नाहीत! शर्ट दोरीवर टाकायचे, नाकाला रुमाल लावायचा आणि राखण करायची. उरलेला वेळ बाई रस्कोच्या पेट्रोल पंपावर घालवायची. पंपाच्या मागच्या टेबलांवर शनिवारी सकाळी गरम, पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही हाणत गाव आदल्या रात्रीचा सामना पुन्हा खेळायचं.

त्या वर्षी भांडणाला विषय एकच होता: क्रमवारीवाले कॉलेजांसाठी शाळकरी खेळाडूंना देतात ते स्टार.

"दोन स्टार!" अर्लीननं काटा टेबलावर आपटला. "लुथर बीसनला दोन, आणि वरच्या काउंटीतल्या त्या डॉक्टरच्या पोराला चार! अरे, मागच्या वर्षी लुथरनं त्याला ढकलत ढकलत पार त्याच्या बाकावर नेऊन बसवला होता!"

"अर्लीन, क्रमवारी लावणारी माणसं देशभरातली पोरं बघतात. तू बघतेस एक." हा वेंडेल. निवृत्त पोस्टमन, आवाज कधी चढवायचा नाही, त्यामुळं अर्लीनचं रक्त जास्तच उकळायचं.

"बघतात? डोंबल बघतात! उंची बघतात. पाच फूट अकरा दिसलं की पान उलटतात. पोरगा निवडताय की शिडी?"

"कॉलेजात समोर भिंती उभ्या असतात, बाई. उंची लागतेच. स्टार खोटं बोलत नाहीत."

"मग माझ्या टकरला द्या की! सहा फूट चार आहे. बाकावर बसलेला असतो तरी स्कोअरबोर्ड झाकतो."

सगळे खदखदून हसले. अर्लीनचा नातू टकर संघात होता खरा, पण तीन वर्षं त्यानं बाकच तेवढा गरम ठेवला होता. आईबाप दूर टेक्ससला, पोरगा आजीपाशी, त्याच्या मेमॉपाशी, वाढलेला. स्वभावानं लोणी, आणि पळायलाही तसाच.

लुथरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कॉलेजवाले स्टार बघून फोन करतात, आणि फोन आला तरच शिक्षण फुकट. लुथरची आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायची. फोन आला नाही तर जून महिन्यात शाळा संपताच लुथरही तिच्या शेजारी उभा राहणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि गावालाही.

मग तो शुक्रवार उजाडला. संघ एकही सामना हरला नव्हता, म्हणजे शर्टांची काय दशा असेल ते विचारू नका. मैदानात उतरायच्या ऐन वेळी लुथरनं आपला चोपन्न नंबरचा शर्ट डोक्यातून ओढला आणि कुजलेलं कापड काखेपासून खालपर्यंत टरकन फाटलं.

कोच हबर्डनी डोक्याला हात लावला. अर्लीननं मात्र इकडं तिकडं पाहिलं आणि बाकाकडं बोट केलं.

"टकर, काढ तो शर्ट."

"मी, मेमॉ?"

"मग काय मी काढू? तू आज खेळणार आहेस का?"

टकरनं गुमान सदुसष्ट नंबरचा शर्ट काढून दिला आणि जाकीट घालून बसला. लुथर त्या रात्री असा खेळला की समोरच्या पोरांना घरची आठवण आली. माइकवरून कुणी त्याचं नाव घेतलं नाही, कारण बिनीच्या फळीत धक्के खाणाऱ्यांची नावं माइकवर कोण घेतं? गाव त्याला चालीवरून ओळखायचं. नंबर बघतो कोण! आणि परक्या माणसाला शर्ट बदलल्याचं सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि परका माणूस होता. वर काचेच्या खोलीत, मांडीवर नंबर, नाव, उंची असं सामन्याचं छापील पत्रक घेऊन, क्रमवारीवाल्यांचा माणूस.

रविवारी चर्चबाहेर टकर फोन हातात धरून उभा होता. कान लाल झालेले.

"मेमॉ, मला तीन स्टार दिलेत."

अर्लीननं चष्मा लावला. टकर टॅडलॉक, नंबर सदुसष्ट. उंची सहा फूट चार. एवढ्या उंचीच्या मुलात क्वचितच दिसणारी, खाली वाकून खेळण्याची विलक्षण हातोटी.

तिला हसू फुटायला हवं होतं. पण पोराच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिनं त्याची कॉलर नीट केली. लहानपणी वाढदिवसाच्या केकसमोर उभा राहायचा, तसा तो उभा होता. संध्याकाळपर्यंत दोन कॉलेजांचे फोन आले. अर्लीननं सणासुदीचा गोड पदार्थ, पिकॅन पाय, केला. फोन चुकीचा होता तर होता, पण आला होता की नाही?

सोमवारी ती रस्कोकडं गेली तर सगळे तिच्याशी गोड बोलू लागले. पॉटर्स फेरीत माणूस चिडला की ओरडतो, आणि फार चिडला की गोड बोलतो.

"अभिनंदन, मिस अर्लीन."

"देव भलं करो हो पोराचं."

वेंडेलनं बिस्किटाला सावकाश लोणी लावलं. "मी म्हणत होतो ना, अर्लीन? स्टार खोटं बोलत नाहीत."

अर्लीननं काटा उचलला आणि टेबलावर न आपटताच खाली ठेवला. असं पहिल्यांदाच घडलं. शर्ट कुणाच्या अंगात होता हे पंपावर सगळ्यांना माहीत होतं, पण तोंड उघडायचं ते तिनं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं. जन्मभर न्याय न्याय म्हणून बोंबलायचं, आणि आपल्या ताटात पडलं की आपलं ठेवायचं झाकून! ती अर्धी बिस्किटं ताटात टाकून उठली. घरी येईपर्यंत स्वतःला समजावत राहिली, की मी कुठं खोटं बोलले? चूक त्यांची, ते निस्तरतील.

मंगळवारी लुथर कपड्यांच्या खोलीत आला. हातात सदुसष्ट नंबरचा शर्ट. पांढराशुभ्र, इस्त्री केलेला.

"अरे देवा, धुतलास?" अर्लीन किंचाळलीच. "आपण जिंकतोय ना!"

"आईनं धुतला, मिस अर्लीन. मी नियम सांगितला तिला. ती म्हणाली, दुसऱ्याची वस्तू मळकी परत करायची नसते." त्यानं शर्ट टेबलावर ठेवला. "टकरला थँक्यू सांगा."

बस्स, एवढंच. स्टारबद्दल चकार शब्द नाही. पोरगा गेला आणि अर्लीन त्या इस्त्रीच्या घडीकडं बघत बसली. रात्रपाळी करून आलेल्या बाईनं झोपायचं सोडून ती घातली होती. अर्लीनला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं.

घरी तिनं टकरला जेवायला बसताच सांगितलं. "बाळा, मी उद्या रेडिओवर फोन करणार आहे."

टकरनं ताटातल्या माशाचा एक काटा काढून कडेला ठेवला.

"आजचा दिवस राहू दे मग," तो म्हणाला. "आज कुणाला सांगू नको."

"नाही सांगत."

बुधवारी संध्याकाळी गावच्या रेडिओवर, क्लेटच्या खेळांच्या कार्यक्रमात, तिचा फोन लागला. "बोला मिस अर्लीन!" क्लेट खूश झाला. "आज कुणाची हजामत?"

"माझी. शुक्रवारी सदुसष्ट नंबर लुथर बीसननं घातला होता. चोपन्न फाटला म्हणून. माझा नातू जाकीट घालून बाकावर होता, आणि मी चार दिवस गप्प बसले. आता क्रमवारीवाले, तुम्ही ऐका. पोरगा तोच, पाय तेच. पाच फूट अकरा लिहिलं तर दोन स्टार आणि सहा फूट चार लिहिलं तर तीन? मग तुम्ही सामना बघायला येताच कशाला? घरी बसून फूटपट्टी बघा! आणि वेंडेल, तू ऐकतोयस हे मला माहितीय. बोल आता."

क्लेटनं घाईघाईनं जाहिरात लावली.

गुरुवारी सकाळी टकरच्या नावापुढचे तिन्ही स्टार गेले. लुथरला तिसरा मिळाला, आणि दुपारी एका लहान कॉलेजचा फोनही. रस्कोकडं वेंडेलनं तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बघ, चूक सुधारली ना त्यांनी?"

"सुधारली! शर्ट फाटला म्हणून सुधारली! आता दर पोरासाठी शर्ट फाडत फिरू का मी?"

गाव पुन्हा मोकळं हसलं. अर्लीनला मात्र हसवेना. टकर कालपासून तिच्याशी बोलला नव्हता.

शाळा सुटल्यावर तो कपड्यांच्या खोलीत आला. दोरीवरचे सगळे शर्ट, शिवलेल्या चोपन्न नंबरासकट, त्यानं ओढून काढले आणि मशीनमध्ये कोंबायला लागला.

"अरे, अरे! वेड लागलं का? हरलो तर गाव सोलून काढेल मला!"

"धू, मेमॉ. पुन्हा कुणाचा फाटायला नको." त्यानं साबण ओतला, तोही जरा जास्तच. "आणि ते स्टार लुथरचे, हे मला रविवारीच कळलं होतं. खाली वाकून खेळतो म्हणे! मी तर दारातूनही वाकत नाही, कपाळ बघ माझं."

अर्लीननं पाहिलं. कपाळावर जुनं टेंगूळ होतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"छान वाटत होतं पण," टकर म्हणाला. "चार दिवस."

"मला माहितीय रे, बाळा."

टेबलावरचा इस्त्रीचा शर्ट त्यानं अंगात घातला, उद्या त्यातच बाकावर बसणार होता. मग आजीला बाजूला करून त्यानंच मशीनचं बटण दाबलं.